तू नक्की काय केलंस? एका कन्सल्टिंग मुलाखतीचं प्रकरण

ज्या मुलीचं हे प्रकरण आहे ती माझी भाची. तिला विचारूनच लिहितो आहे. तिचं नाव देत नाही, फर्मचंही नाही. राहायला कोपरखैरणे, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात, काम डेटा ॲनालिटिक्सचं. इंजिनिअरिंग नवी मुंबईतल्याच कॉलेजातून झालं. मोठ्या मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्म, म्हणजे कंपन्यांना धंद्याचे सल्ले देणाऱ्या, ज्या मोजक्या कॅम्पसवर स्वतःहून येतात, त्यांत तिचं कॉलेज नव्हतं. तरी तिच्या डोक्यात तेच होतं, नोकरीला लागल्याच्या पहिल्या वर्षापासून.

पहिल्या प्रयत्नात ती पहिल्याच फेरीत गळाली. सोळा महिन्यांनी पुन्हा बसली आणि ऑफर घेऊन आली. मधल्या काळात तिची हुशारी वाढली नाही, ती आधीपासून होतीच. आकडेमोड थोडीफार सुधारली. जे खरोखर बदललं ते ओळखायला मलाही महिना गेला, आणि मी या धंद्यात सात वर्षं काढलेली, त्यातली चार वर्षं समोरच्या खुर्चीत बसून मुलाखती घेतलेल्या. ठाण्यात आणि खाडीपलीकडे अशी कितीतरी मुलं मला भेटतात, रात्री जागून केसबुकं, म्हणजे मुलाखतीत सोडवायला देतात तशा धंद्याच्या अडचणींची पुस्तकं, संपवणारी, आणि अडतात बहुतेक तिथेच जिथे ही अडली होती. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

भरती कशी चालते

‘एमबीबी’ म्हणून ज्यांची नावं एका दमात घेतली जातात त्या तीन फर्म म्हणजे मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन. पहिली 1926 मध्ये शिकागोत सुरू झाली, बाकीच्या दोन बोस्टनच्या, 1963 आणि 1973 च्या. भरतीची रीत तिघींची आणि त्यांच्या पाठोपाठच्या फर्मचीही साधारण एकाच वळणाची आहे. आधी सीव्हीची छाननी. कॅम्पसबाहेरून येणाऱ्याला आतल्या कुणाचं रेफरल, म्हणजे शिफारस, असेल तर सीव्ही निदान कुणीतरी नीट वाचतं. मग बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन चाचणी असते. मॅकिन्झीची ‘सॉल्व्ह’ ही खेळासारखी आहे, बीसीजीकडे चॅटबॉटशी बोलत केस सोडवायची असते. त्यातून पार पडलात की मुलाखतींच्या फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीत पार्टनर, म्हणजे फर्मचे वरिष्ठ भागीदार.

एक मुलाखत पाऊण तास ते तासाची. तिचे दोन भाग. एक केस: कुठल्यातरी धंद्याची अडचण तुमच्यासमोर टाकतात आणि कागद-पेनावर, कॅल्क्युलेटर न वापरता, बोलत बोलत ती सोडवायची. मॅकिन्झीत केस मुलाखतकार पुढे नेतो, बीसीजी आणि बेनमध्ये बहुतेक वेळा उमेदवारालाच न्यावी लागते. दुसरा भाग तुमच्याबद्दलचा. मुलं त्याला ‘फिट’ किंवा ‘पीआय’ (पर्सनल इंटरव्ह्यू) म्हणतात, मॅकिन्झीत ‘पीईआय’ (पर्सनल एक्स्पिरिअन्स इंटरव्ह्यू) म्हणतात आणि तिथे तर एकच प्रसंग घेऊन दहा-पंधरा मिनिटं खणत बसतात.

नकार मिळाला तर बहुधा वर्ष-दोन वर्षं पुन्हा दार ठोठावता येत नाही. चूक काय झाली हे नीट कळणं म्हणूनच फार मोलाचं आहे, आणि नेमकं तेच कुणी सविस्तर सांगत नाही.

पहिला प्रयत्न

तेव्हा ती माझ्याकडे आली नव्हती. मामाच्या ओळखीवर झालं असं कुणी म्हणायला नको, हा तिचा बाणा. कॉलेजच्या एका सीनिअरने रेफरल दिलं. तिने ऑनलाइन सरावाचे दोन जोडीदार शोधून पंचेचाळीस केसेसचा सराव केला आणि पहिल्या फेरीच्या दोन मुलाखती दिल्या.

दोन्हीकडच्या केसेस तिने मला नंतर जशाच्या तशा सांगितल्या. एक गेसेस्टिमेट होतं, म्हणजे अंदाज बांधत बांधत आकडा काढायचा प्रश्न: ठाणे शहरात वर्षाला किती वॉटर प्युरिफायर विकले जात असतील? 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या 18.4 लाख होती हे तिला पाठ होतं. वाढ धरून तिने 24 लाख घेतले, घरटी चार माणसं धरून 6 लाख घरं. त्यातल्या 60 टक्के घरांत प्युरिफायर आहे असं मानलं, म्हणजे 3.6 लाख. एक यंत्र आठ वर्षं टिकतं असं धरलं तर वर्षाला 45,000 नुसती बदली. वर्षाला 15,000 नवी घरं ताब्यात जातात असं धरून त्यांच्या 60 टक्के, म्हणजे 9,000. उरलेल्या 2.4 लाख घरांपैकी 5 टक्के दर वर्षी पहिल्यांदा घेतात, ते 12,000. एकूण 66,000. शेवटी स्वतःहून ताळा घेतला: दिवसाला साधारण 180, एवढ्या मोठ्या शहरात दुकानं आणि ऑनलाइन मिळून हे पटण्यासारखं आहे. मुलाखतकाराने टोकलं, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये येणारं कुटुंब जुन्या घरातला प्युरिफायर सोबत आणत असेल तर? तिने तिथल्या तिथे 9,000 चे 5,000 केले आणि का ते सांगितलं. मी मुलाखतकार असतो तर या केसला चांगले गुण दिले असते.

दुसरी केस नफा घसरल्याची. तीही बरी गेली, फक्त शेवट तिला आठवेना. ‘मी तीन पर्याय सांगितले,’ एवढंच आठवत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आठवड्याने फोन आला. नकार. सोबत पाच मिनिटांचा फीडबॅक: विचार सुसंगत आहे, आकडे स्वच्छ आहेत, पण अनुभवांत तुझा स्वतःचा ठसा पुरेसा दिसला नाही. ते ऐकून ती घरी गेली आणि पुढच्या वर्षात आणखी चाळीस केसेस केल्या.

मला यात तिचा दोष वाटत नाही. ‘ठसा दिसला नाही’ या वाक्याचं काय करायचं हे तिला कळेना, आणि केस ही गोष्ट करता येण्यासारखी होती, मोजता येण्यासारखी होती. पायाला लागलं तरी माणूस जिथे हात पोचतो तिथेच मलम चोळतो. आज एखाद्या मुलाने ‘मी शंभर केसेस केल्यात’ असं सांगितलं की मी लगेच विचारतो, स्वतःबद्दल किती तास बोललास? उत्तर जवळजवळ नेहमी शून्य असतं. आमच्या फर्ममध्ये मुलाखतीच्या फॉर्मवर दोन्ही भागांना वेगळे रकाने होते. संध्याकाळी सगळे मुलाखतकार एकत्र बसायचे तेव्हा केसमध्ये कितीही चमकलेला उमेदवार दुसऱ्या रकान्यामुळे बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे, पुष्कळदा.

नौपाड्यातले शनिवार

वर्षाने ताईचा फोन आला. ‘तुझ्याकडे पाठवते तिला. मला काही सांगत नाही, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा चालू असतो.’ मग दर शनिवारी ती कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल पकडून नौपाड्यात येऊ लागली. सकाळी दहाला येणार, मामीने केलेलं खाणार आणि दोनपर्यंत आम्ही बसणार.

पहिले तीन शनिवार मीही केसच घेतल्या. जे चुकलं ते माझंही चुकलं. ती इतकं छान सोडवायची की मला वाटलं, पहिल्या वेळी नशीब आडवं आलं असेल.

चौथ्या शनिवारी मी म्हटलं, आज केस नको. ऑफिसमधला एखादा अवघड प्रसंग सांग, ज्यात तुला कुणाचं तरी मन वळवावं लागलं. ती बोलायला लागली. मुलाखत इंग्रजीत असते म्हणून इंग्रजीतच. मी सवयीने कागदावर पेन्सिलीने रेघा मारत गेलो. चार मिनिटं बोलली. ‘आम्ही’ तेवीस वेळा. ‘मी’ दोनदा, त्यातलं एक ‘मी त्या दिवशी आजारी होते’.

कागद तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

प्रसंग असा होता. एका किराणा माल पुरवणाऱ्या कंपनीसाठी त्यांची टीम मागणीचा अंदाज बांधत होती. सादरीकरणाच्या थोडं आधी लक्षात आलं की काही दुकानं यादीत दोनदा मोजली गेली आहेत, त्यामुळे अंदाज फुगला आहे. टीमने ते दुरुस्त केलं, क्लायंटला कळवलं, सगळं सुरळीत झालं. ऐकायला बरी गोष्ट. पण यात ही कुठे आहे?

मी एकच प्रश्न विचारत राहिलो. लक्षात आलं म्हणजे कुणाच्या? ‘माझ्या.’ कसं? ‘शंका आली म्हणून एका रात्री थांबून यादी हाताने तपासली. अकरा वाजले. 1,900 दुकानांपैकी 212 दोनदा होती, एकदा जुन्या कोडने आणि एकदा नव्या.’ मग काय केलंस? ‘मग टीम लीडला सांगायचं ठरलं.’ कुणी ठरवलं? ‘म्हणजे... मीच.’ तो काय म्हणाला? ‘म्हणाला, आता हात लावू नको, पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये बघू.’ मग?

तिथे ती थांबली. आपण मराठीत किती सहज बोलतो: लक्षात आलं, ठरलं, कळवलं गेलं, झालं. वाक्यातून करणारा माणूस निघून जातो आणि वाक्याला काही होत नाही. तीच वाक्यं ती मनात इंग्रजीत उलथवत होती, आणि समोरच्याला ऐकू येत होतं की काहीतरी घडलं, कुणाकडून तरी. मुलाखतकाराला तर नेमकं कुणाकडून हेच हवं असतं. उद्या तो तिला क्लायंटच्या कारखान्यात एकटीला पाठवणार आहे. तिथे कुणी आडमुठेपणा केला तर ही काय करेल, याचा अंदाज त्याला त्या दहा मिनिटांत बांधायचा असतो.

त्या दिवशी ताईही आली होती, आमचं ऐकत होती. ती मध्ये पडली. ‘अरे, पण सारखं मी-मी करणारी मुलगी कुणाला आवडेल? आम्ही तर तिला लहानपणापासून सांगत आलो, आपली टिमकी आपण वाजवू नये.’

ताईचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, आजही लावणार नाही. ज्या घरात आम्ही वाढलो तिथे दहावीचा निकाल शेजाऱ्यांना पेढा देताना आईने सांगायचा, आपण नाही. ती रीत चांगलीच आहे, आणि भाचीच्या टीममध्ये तिला सगळे मानतात तेही त्यामुळेच. पण टिमकी वाजवणं म्हणजे ‘मी फार जिद्दी आहे, मी नेतृत्व करते’ असं बोलणं. ‘मी रात्री अकरापर्यंत थांबले आणि 212 कोड हाताने काढले’ यात कुठे टिमकी आहे? ती साक्ष आहे. आमच्या फॉर्मवर विशेषणांना गुण नव्हतेच. मी ताईला एवढंच म्हटलं, हिला फुशारकी मारायला सांगत नाहीये, झालं ते सांगायला सांगतोय. ताई म्हणाली, ‘तेवढंच असेल तर ठीक.’

पुढचं मात्र त्या दिवशी निघालं नाही, त्यानंतरच्या शनिवारी निघालं. ताई नव्हती. लीडने नको म्हटल्यावर तू किती दिवस थांबलीस, असं विचारलं. ‘दोन दिवस.’ का? आता ती रडवेली झाली. दोन कोडची जुळणी करण्याचं काम तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं होतं. दोघं एकाच दिवशी कंपनीत लागलेले, डबा एकत्र खाणारे. बोलावं तर त्याची चूक चव्हाट्यावर येणार, अप्रेझल तोंडावर आलेलं. दोन दिवस ती गप्प राहिली. मग आधी त्यालाच सांगितलं, स्टेशनकडे चालत जाताना. तो चिडला, दुसऱ्या दिवशी बोलला नाही, पण तिसऱ्या दिवशी म्हणाला, सांगून टाक.

तेव्हा कुठे मला तिचं ‘आम्ही’ कळलं. ती नुसती लाजत नव्हती. त्या शब्दामागे ती मित्राला झाकत होती. चूकही आम्ही केली, दुरुस्तीही आम्ही केली. चुकीतून त्याचं नाव पुसायचं म्हणजे दुरुस्तीतून तिचं आपोआप पुसलं जात होतं.

हे मला कुठल्याही केसबुकात सापडलं नसतं, आणि इतकी वर्षं मुलाखती घेताना ‘आम्ही’ म्हणणाऱ्या किती जणांच्या मागे असं काही असेल हा विचार मला कधी शिवला नव्हता, याचं खरंच वाईट वाटलं.

आम्ही मग गोष्ट पुन्हा बांधली, मित्राला न दुखावता. ‘जुळणीच्या टप्प्यावर एक चूक राहिली होती’ एवढंच म्हणायचं, कुणाची ते नाही. पण तिथून पुढे प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. लीडचं मन कसं वळलं? तिने एक पान तयार केलं होतं. दहा दुकानं, प्रत्येकाचे दोन्ही कोड शेजारी शेजारी, पत्ता तोच, जीएसटी नंबर तोच. ते पान घेऊन ती मीटिंगमध्ये गेली नाही, कारण सगळ्यांसमोर तो माघार घेणार नाही हे तिला ठाऊक होतं. कँटीनमध्ये चहाच्या रांगेत त्याला गाठलं. त्याने तीन ओळी वाचल्या आणि रांगेतून बाहेर पडला. ‘क्लायंटच्या ॲनालिस्टला फोन मी करते, सादरीकरण एक दिवस पुढे ढकलायला सांगते,’ हे तीच म्हणाली. फोनही तिनेच केला.

ही सगळी माहिती पहिल्या मुलाखतीच्या वेळीही तिच्याजवळ होती. सांगितलेली मात्र एकही नव्हती.

भावोजींचा सीएफएस

आता केसकडे वळतो, कारण तोच दोष तिथेही होता, वेगळ्या कपड्यांत. ‘मी तीन पर्याय सांगितले’ हे मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. केसच्या शेवटी तिला विचारलं, मग मालकाने काय करावं, की ती म्हणायची: खर्च कमी करता येईल, नवे ग्राहक बघता येतील, दरांचा विचार करता येईल. सगळं करता येईल. ती स्वतः काय करील?

माझे भावोजी, म्हणजे भाचीचे बाबा, बावीस वर्षं एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बंदरातला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे आहेत. सकाळी कोपरखैरण्याहून उरणच्या दिशेला, संध्याकाळी परत. एका रविवारी त्यांच्याच घरी बसून मी त्यांच्या जगातली केस तयार केली. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, मग त्या बंदराच्या परिसरात उरण-द्रोणागिरीकडे कंटेनर फ्रेट स्टेशनं उभी राहिली, सगळे सीएफएस म्हणतात. आयातीचा कंटेनर बंदरातून सीएफएसमध्ये यायचा, तिथे कस्टम्सचे सोपस्कार व्हायचे, मग माल मालकाकडे. 2016-17 च्या सुमारास याच बंदरात, म्हणजे जेएनपीटीत, ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’चा जोर वाढला, म्हणजे आयातदाराने कंटेनर बंदरातूनच थेट उचलायचा. सीएफएसवाल्यांचं कंबरडं तिथून दुखायला लागलं.

आकडे मी मनाचे घेतले, सरावाला सोपे असे. सीएफएसकडे महिन्याला 10,000 कंटेनर यायचे, आता 8,000. हाताळणीचे कंटेनरमागे 8,000 रुपये. साठवणुकीचे दिवसाला 1,000. पूर्वी कंटेनर सरासरी 9 दिवस पडून असायचा, आता 5. मालक म्हणतो, माझं उत्पन्न का पडलं आणि मी काय करू?

तिने लगेच 8,000 अधिक 9,000 अशी बेरीज मांडायला घेतली. भावोजी पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, ‘पहिले तीन दिवस फुकट असतात गं.’ मी ती माहिती मुद्दाम दाबून ठेवली होती, तिने विचारावी म्हणून. तिने विचारलं नव्हतं. घरात बावीस वर्षं ही माहिती वावरत होती.

पुन्हा मांडलं. पूर्वी आकारणीचे दिवस 6, म्हणजे कंटेनरमागे 8,000 अधिक 6,000, एकूण 14,000, महिन्याला 14 कोटी. आता आकारणीचे दिवस फक्त 2, कंटेनरमागे 10,000, महिन्याला 8 कोटी. सहा कोटी गेले. तिने ते फोडले, आणि इथे तिची हुशारी दिसते. गेलेले 2,000 कंटेनर गुणिले 14,000, म्हणजे 2.8 कोटी. उरलेल्या 8,000 कंटेनरवर प्रत्येकी 4,000 कमी, म्हणजे 3.2 कोटी. कंटेनर कमी झाले म्हणून जितकं नुकसान झालं, त्यापेक्षा जास्त नुकसान उरलेले कंटेनर लवकर निघून जातात म्हणून झालं.

मग काय करावं मालकाने? तिने सुरुवात केली, ‘कंटेनर वाढवता येतील, दर...’ मी हात वर केला. भावोजींनी आता पेपर खाली ठेवला होता. म्हणाले, ‘मामा तुला काय करता येईल ते विचारत नाहीये. तुझा सीएफएस असता तर तू काय केलं असतंस?’

ती दोन मिनिटं गप्प बसली. कागदावर काहीतरी भागलं. मग म्हणाली, ‘मी कंटेनरच्या मागे धावणार नाही. 14 कोटी परत आणायचे तर आत्ताच्या 10,000 च्या हिशेबाने 14,000 कंटेनर लागतील. बरे दिवस होते तेव्हाही 10,000 च होते. हा धंदा उशिरावर चालत होता आणि उशीर आता परत येणार नाही. माझ्याकडे रिकामी जागा आहे, ती मी गोदामाला आणि निर्यातीचा माल भरायला वापरेन. त्यासाठी एक गोष्ट तपासावी लागेल, आसपास गोदामाचं भाडं काय मिळतं ती. ते परवडत नसेल तर माझं उत्तर बदलेल.’

भावोजी म्हणाले, ‘आमच्या शेजारच्यांनी हेच केलं.’ आणि पुन्हा पेपर उचलला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं.

केसमधल्या पाठ करायच्या गोष्टी आहेत, नाही असं नाही. प्रश्नाचे जे भाग पाडतो त्या ‘बकेट’ एकमेकांवर चढू नयेत आणि त्यांनी मिळून सगळं झाकावं, हे ‘मीसी’ नावाचं तत्त्व मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटोंनी रुजवलं आणि ते उपयोगाचं आहे. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च हे झाडही हाताशी हवं. पण झाड मांडून झाल्यावर ‘माझ्या मते’ म्हणायची वेळ येते. तिथे हिची जीभ जड व्हायची, तिच्या टीमच्या गोष्टीत जशी व्हायची तशीच. एकदा हे तिला दिसल्यावर मला फार काही शिकवावं लागलं नाही. पुढच्या पाच-सहा केसेसमध्ये तिने पहिलं वाक्य उत्तराचं ठेवलं, कारणं मागून.

दुसरा प्रयत्न

दिवाळीनंतर बोलावणं आलं. ऑनलाइन चाचणी तिने ऐरोलीच्या ऑफिसातून सुट्टी काढून घरी दिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या फेरीच्या दोन मुलाखती व्हिडिओवर, एक गेसेस्टिमेट, एक पॅथॉलॉजी लॅबच्या साखळीची केस. लॅबच्या केसमध्ये एका तक्त्याचे आकडे तिने उलटे वाचले, मुलाखतकाराने थांबवलं, तिने दुरुस्त केलं. घरी येऊन रडली, संपलं म्हणून. संपलं नव्हतं. केसमध्ये एक चूक होणं आणि ती झाकायला जाणं यांत मुलाखतकार फार फरक करतात.

शेवटची फेरी मुंबईच्या ऑफिसात, दोन पार्टनर. पहिल्याने जवळजवळ सगळा वेळ केसवर घालवला. दुसऱ्या पार्टनर बाईंनी केस पंधरा मिनिटांत आटोपली आणि ती दुकानांची गोष्ट धरून बसल्या. तिने मला संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, मी विसरण्याआधी लिहून काढलं.

चूक कुणाची होती, त्यांनी विचारलं. ‘टीममधल्या एकाची. नाव सांगणार नाही. पण लीडकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी मी त्याला सांगितलं.’ का? ‘त्याला दुसऱ्याकडून कळलं असतं तर पुढे त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि त्याच्याशिवाय दुरुस्ती एका दिवसात झाली नसती.’ तुझ्या लीडचं म्हणणं चुकीचं होतं का? इथे बहुतेक मुलं लीडला खलनायक करतात. ती म्हणाली, ‘नाही. ऐनवेळी आकडे बदलले की क्लायंट सगळ्याच आकड्यांवर शंका घेतो, ही त्याची भीती खरी होती. म्हणूनच मी फक्त दहा दुकानं दाखवली. एवढं क्लायंटलाही दोन मिनिटांत समजेल, हे त्याला दिसावं म्हणून.’ आणि आज पुन्हा असं घडलं तर काय वेगळं करशील? ‘मी दोन दिवस गप्प बसले. ते बसणार नाही.’

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आता तू मला काहीतरी विचार.

चार दिवसांनी फोन आला तेव्हा ती ऐरोली स्टेशनच्या जिन्यात होती. ऑफर सांगून झाल्यावर त्याच पार्टनरने दोन गोष्टी सांगितल्या. तुझ्या गोष्टीवर आमच्यात चर्चाच करावी लागली नाही. आणि तक्ते वाचायला तू फार वेळ घेतेस, रुजू होईपर्यंत ते सुधार.

जॉइनिंग जूनमध्ये आहे. शनिवार अजून चालू आहेत. ती रोजच्या पेपरातल्या अर्थपानावरचे आलेख कापून आणते, मी घड्याळ लावतो, आणि एका आलेखातून एक वाक्य काढायला तिला परवा दीड मिनिट लागलं. ऑक्टोबरात तीन लागायची. ज्या मित्राची गोष्ट होती तोही मागच्या शनिवारी तिच्यासोबत आला होता. त्यालाही पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे. त्याने प्रसंग सांगायला सुरुवात केली तेव्हा पेन्सिल तिने घेतली.